दमाचं घड्याळ

माझ्या टेबलाच्या खणात एक पाहुणा कायमचा राहतो. वीतभर लांबीची प्लॅस्टिकची नळी, तिच्या पाठीवर आकडे, आणि त्या आकड्यांवरून सरकणारा एक इवलासा तांबडा काटा. पाऊस ओसरून हवा बदलू लागली, की डॉक्टर म्हणतात, "काढा तो बाहेर." मग रोज सकाळ-संध्याकाळ मी उभा राहतो, छाती भरून श्वास घेतो, नळी ओठांत गच्च धरतो आणि एका दमात फुंकतो. काटा टुणकन पुढे जातो आणि पोचेल तिथेच बसून राहतो. असं तीनदा. तिन्हींतला मोठा आकडा वहीत लिहायचा. माझ्या आईनं हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती म्हणाली, "फुंकणी आणलीस ते ठीक, पण चूल कुठाय?"

तिचं काही चुकलं नव्हतं. हा पीक फ्लो मीटर म्हणजे फुंकणीचीच जात. फुंकणीतून गेलेला वारा निखारा फुलवतो, यातून गेलेला वारा फुंकणाऱ्याची चहाडी करतो, इतकाच काय तो फरक.

पण खणातला हा नातू. मला सांगायचंय ते याच्या आजोबांबद्दल. ते १९५९ साली लोकांसमोर आले. गोल, धातूचा, चपटा डबा. पुढे घड्याळासारखी तबकडी, तिच्यावर एकच काटा, बाजूला फुंकायचं तोंड. तबकडीवरचे आकडे हजारापर्यंत जातात, मिनिटाला इतके लिटर या हिशेबानं. जुन्या किराणा दुकानातल्या तराजूचं तोंड काढून कुणी हातात दिलं तर जसं दिसेल, तसे आजोबा दिसतात. पोटात फार काही नाही. एक पातं, त्याला मागे ओढणारी गुंडाळलेली स्प्रिंग, आणि डब्याच्या कडेनं गेलेली एक फट. वारा आत शिरला की पातं ढकललं जातं. ते जितकं फिरेल तितकी फट उघडी पडते आणि वाऱ्याला बाहेरची वाट मिळते. वाऱ्याचा जोर आणि स्प्रिंगची ओढ यांचं जिथे जमतं तिथे पातं थांबतं, आणि दातेरी अडसर त्याला तिथेच धरून ठेवतो. वीज नाही, शाई नाही, कागद नाही. बटण दाबलं की काटा परत शून्याकडे, पुढच्या माणसाची वाट बघत.

आजोबांचा स्वभाव उतावळा. यांच्या घराण्यातला ज्येष्ठ म्हणजे स्पायरोमीटर, तो फार सबुरीचा. लंडनच्या जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरानं १८४६ साली तो जगापुढे मांडला तेव्हा दोन हजारांहून अधिक माणसांना त्यात फुंकायला लावलं होतं. त्यात खलाशी होते, आग विझवणारे होते, पोलीस, पहिलवान, छापखान्यातले कामगार होते. म्हणजे माणसाचा दम त्याच्या कामाच्या बाजूनं बघायची खोड या घराण्याला पहिल्यापासूनची. पण स्पायरोमीटर म्हणतो, फुंका, फुंकत राहा, अजून, अजून, शेवटचा थेंबही सोडू नका. आमच्या आजोबांना एवढा वेळ नाही. पहिल्या झटक्याला, सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, वारा जो सर्वांत वेगानं सुटतो, तेवढाच त्यांना हवा. पुढे तुम्ही किती वेळ फुंकता, डोळ्यांतून पाणी काढता की गाल फुगवून शंख वाजवता, त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

हा उतावळेपणा त्यांनी जन्मगावातून आणला. ते गाव दक्षिण वेल्समधलं. कार्डिफजवळच्या लँडॉक रुग्णालयात ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं १९४५ साली एक संशोधन केंद्र उघडलं. विषय एकच: कोळशाच्या खाणीतली धूळ आणि खाणकामगाराची छाती. त्याआधी बरीच वर्षं जाणते लोक सांगत असत, की दगडाची धूळ वाईट, कोळशाची धूळ तशी निरुपद्रवी. फिलिप डार्सी हार्ट आणि एडवर्ड अ‍ॅस्लेट यांनी वेल्सच्या खाणींत जाऊन अभ्यास केला, तेव्हा तो समज मोडला. १९४३ पासून कोळशाच्या धुळीनं होणाऱ्या न्यूमोकोनिओसिस या छातीच्या आजाराला भरपाई मिळू लागली. पण नियमाला काटा होता. ज्याच्या छातीत आजार असल्याचं शिक्कामोर्तब होई, त्याला खाणीचं काम सोडावं लागे. आणि त्या दऱ्यांमध्ये खाण सोडून दुसरं होतं काय? आजाराचा कागद हातात आला की भरपाईही आली आणि बेकारीही. अशी हजारो माणसं घरी बसली.

आता या प्रश्नाला हात कुणी घालायचा? डॉक्टरानं? त्याला छाती कळते, धूळ कळत नाही. धूळ मोजणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला छाती कळत नाही. दोघांना आकडेमोड कळत नाही, आणि आकडेमोड करणाऱ्याला खाणीत उतरलेला माणूस खोटं का बोलेल ते कळत नाही. केंद्राचे पहिले संचालक चार्ल्स फ्लेचर. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनचं इंजेक्शन पहिल्यांदा रुग्णाला देणारा तरुण डॉक्टर तो हाच. त्यांनी माणसं जमवली ती जातीजातीची. श्वासाचं शरीरशास्त्र जाणणारे जॉन गिल्सन, संख्याशास्त्रज्ञ पीटर ओल्डहॅम, धूळ मोजणारे, एक्स-रे काढणारे. शेजारी कार्डिफच्या वैद्यकीय महाविद्यालयात जेथ्रो गॉफ नावाचे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते. ते मेलेल्या खाणकामगाराचं अख्खं फुप्फुस पातळ कापून कागदावर चिकटवत, पुस्तकात पिंपळपान जपावं तसं. काळा डाग कुठून सुरू झाला आणि कुठवर पसरला, ते त्या कागदावर दिसे.

याच गोतावळ्यात मार्टिन राइट होते. डॉक्टर होते, पण हात सुताराचे आणि घड्याळजीचे. प्रयोगासाठी ठरावीक मापानं धूळ हवेत सोडणारं यंत्र त्यांनी आधीच करून ठेवलं होतं. पुढे या गृहस्थानं दारू प्यायलेल्याचा श्वास पकडणाऱ्या यंत्रावर काम केलं, आणि कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांत औषध थेंबाथेंबानं देणारा तो छोटा सिरिंज पंपही त्यांचाच. कर्करोगाच्या रुग्णालयात ज्यांनी घरचं माणूस जाताना पाहिलंय, त्यांनी त्या पंपाची बारीक घरघर ऐकली असेल. म्हणजे आमच्या आजोबांचा तो धाकटा भाऊ.

आजोबांची गरज का पडली? त्या केंद्रात छातीची ताकद मोजायची एक जुनी पद्धत होती. माणसाला नळी तोंडात देऊन पंधरा सेकंद जीव खाऊन धापा टाकायला लावायचं आणि ती हवा मोठ्या पिशवीत किंवा यंत्रात धरायची. धडधाकट माणसाला पंधरा सेकंद म्हणजे काही नाही. ज्याला आधीच जिना चढवत नाही, त्याला ते पंधरा सेकंद पंधरा मिनिटांसारखे. शिवाय असलं यंत्र दऱ्याखोऱ्यांतल्या वस्त्यांवर न्यायचं कसं? हातात मावेल, एका झटक्यात उत्तर देईल, आणि दमेकऱ्याला आणखी दमवणार नाही, असं काहीतरी हवं होतं. राइट १९५७ मध्ये लंडनला दुसऱ्या संस्थेत गेले, पण काम सुटलं नाही. वेल्सच्या केंद्रातल्या मॅकेरो यांच्या जोडीनं त्यांनी १९५९ साली आजोबांची ओळख वैद्यकीय नियतकालिकात छापली. माणूस गेला, पत्ता बदलला, तरी कामाचा धागा तुटला नाही. असा धागा राखणं हे यंत्र करण्यापेक्षा अवघड असतं, असं माझं मत आहे. कुठल्याही सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फाइल जाताना जे होतं, ते आठवून पाहा.

आजोबांचा एक मोठा दोष सांगायलाच हवा. ते भोळे आहेत. फुंकणारा मन लावून फुंकतोय की नाही, हे त्यांना कळत नाही. पेन्शन अपंगत्वाच्या टक्क्यांवर ठरणार असेल, तर माणूस हात राखून फुंकेल. नोकरी जायची भीती असेल, तर जीव पणाला लावून फुंकेल. जिभेनं झटका देऊन थुंकल्यासारखं फुंकलं, तर काटा खोटाच वर जातो, ही युक्ती तर शाळकरी पोरालाही जमते. आजोबा सगळं खरं मानतात. तीनशे म्हणजे तीनशे. पण उंच माणसाचे तीनशे आणि बुटक्याचे तीनशे एक नव्हेत. विशीतले आणि साठीतले एक नव्हेत. बाईचे आणि पुरुषाचे एक नव्हेत. म्हणून त्यांच्या शेजारी कायम एक तक्ता लागतो, वयाचा आणि उंचीचा, आणि तो तक्ता करायला निरोगी माणसं शेकड्यांनी फुंकवून घेणारा एक चिकाटीचा संख्याशास्त्रज्ञ लागतो. खाणीत धूळ किती होती ते सांगणारा लागतो. माणसाला काय होतंय हे नीट विचारणारा लागतो. एकटे आजोबा म्हणजे साक्षीदार नसलेला पंचनामा.

विचारण्याचं काम फ्लेचर यांनी हाती घेतलं. दम लागतो का, एवढं विचारून भागत नाही. कुणी म्हणतो लागतो, कुणी म्हणतो या वयात लागणारच. मग प्रश्न असे केले, की आपल्याच वयाच्या माणसांबरोबर सपाट रस्त्यानं चालताना मागे पडता का, टेकडी चढताना काय होतं, कपडे घालताना होतं का. त्यांतून दम लागण्याच्या पायऱ्या ठरल्या आणि त्या पायऱ्या आजही डॉक्टर वापरतात. (वेल्समधल्या ऱ्होंडाच्या दरीत सपाट रस्ता शोधायचा कुठे, हा प्रश्न कुणी विचारला की नाही ठाऊक नाही. मुंबईच्या गिरणगावातल्या चाळीत विचारायचं तर जिन्यानंच विचारावं लागेल.)

या केंद्रात डॉक्टरांचा गर्वही एकदा चांगला उतरवला गेला, आणि तो उतरवणारा डॉक्टरच होता. फ्लेचर आणि ओल्डहॅम यांनी १९४९ साली एक प्रयोग छापला. एक्स-रेच्या त्याच त्या फिल्म वेगवेगळ्या जाणकारांना वाचायला दिल्या. एक म्हणे आजार आहे, दुसरा म्हणे नाही. याहून लाजिरवाणं म्हणजे तीच फिल्म काही दिवसांनी त्याच डॉक्टरापुढे ठेवली, तर तोच आपलं मत बदले. ज्या कागदावर माणसाची भरपाई आणि भाकरी ठरायची, तो कागद वाचणाऱ्याच्या नजरेवर इतका हेलकावत होता. दुसऱ्या कुठल्या संस्थेत हा अहवाल कपाटात गेला असता. इथे त्यातून नमुन्याच्या फिल्म ठरवण्याचं काम पुढे गेलं, म्हणजे वाचताना शेजारी नमुना ठेवा आणि ताडून बघा. संख्याशास्त्रज्ञाला जेवणाच्या टेबलावर बसवलं की डॉक्टरांना असले घास गिळावे लागतात.

आणि मग आर्ची कॉक्रन. स्पेनच्या यादवीत जाऊन आलेला, महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहून कैद्यांचा डॉक्टर झालेला हा माणूस १९४८ मध्ये केंद्रात आला. त्याच्या नावाची संस्था १९९३ पासून जगभरातल्या उपचारांचे पुरावे तोलते, तिचं मूळ या खाणींत आहे. १९५० मध्ये त्यानं शेजारशेजारच्या दोन दऱ्या निवडल्या, ऱ्होंडा फाख आणि अ‍ॅबरडेअर. एका दरीतला क्षय शोधून हटवायचा आणि दुसरीत नेहमीसारखं चालू द्यायचं. धुळीनं भरलेल्या छातीवर क्षय चढला की फुप्फुसात मोठ्या काळ्या गाठी होतात, असा तर्क होता. तो खरा असेल, तर पहिल्या दरीत गाठी कमी व्हायला हव्यात. त्यासाठी दरीतल्या प्रत्येकाचा एक्स-रे हवा. प्रत्येकाचा म्हणजे निम्म्यांचा नव्हे, पाऊणांचा नव्हे. जे येत नाहीत तेच बहुधा आजारी असतात, किंवा कंटाळलेले, किंवा रागावलेले. त्यांच्याविना सगळं गणित खोटं.

मला या सगळ्यात आवडणारी गोष्ट ती हीच. दार ठोठावायला कॉक्रननं कोट-टायवाले पाठवले नाहीत. खाणीतून बाहेर पडलेली, स्वतःच्या छातीत धूळ असलेली माणसं पथकात घेतली. त्यांना बोली येत होती, कोण कुठल्या पाळीला गेलाय, कोण कुणावर रुसलाय, हे ठाऊक होतं. खाणकामगारांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक एक्स-रेला आले. डॉक्टर, भौतिकशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ ही नावं शोधनिबंधांवर छापली जातात. दार ठोठावणाऱ्याचं नाव फार तर शेवटच्या आभारात येतं. पण त्याच्याशिवाय पहिल्या तिघांच्या हाती काहीच लागलं नसतं. त्याच दरीतल्या त्याच माणसांकडे हे लोक वीस वर्षांनी पुन्हा गेले, आणि दारं उघडली. अशी दारं वीस वर्षं उघडी राखणं म्हणजे काय, ते आपल्याकडे गावात एकदा सर्वेक्षण करून गेलेल्या आणि परत तोंड न दाखवलेल्या लोकांनी समजून घ्यावं.

आणि तर्काचं काय झालं? फसला. क्षयावर नवी औषधं आली, तो दोन्ही दऱ्यांत ओसरू लागला, आणि अपेक्षित फरक काही दिसला नाही. मूळ प्रश्न हातातून निसटला, पण तो विचारण्यासाठी जमलेली माणसं आणि त्यांची रीत टिकली. मला तरी यात पराभव दिसत नाही.

आजोबांचा स्वतःचाही एक खोटेपणा पुढे उघडकीला आला. मधल्या पट्ट्यात ते बढाई मारत. म्हणजे खरा वेग जितका, त्याहून जास्त आकडा दाखवत. तीन दशकं जगभरचे डॉक्टर त्यांच्यावर विसंबले होते. सुदैवानं ते रोज सारखंच फुगवून सांगत, त्यामुळे कालच्यापेक्षा आज बरं की वाईट, एवढं खरं कळे. शेवटी २००४ मध्ये युरोपात नव्या मापाची पट्टी आली. म्हणून परदेशातून कुणी जुना मीटर पाठवला असेल आणि घरी नवा असेल, तर दोघांचे आकडे एकमेकांत मिसळू नका.

गिरणगावाशी या घराण्याचं नातं लँकेशायरमार्गे आहे. तिथल्या सूतगिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी पिंजण खात्यातली माणसं तपासली. रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी कामावर आलं की छाती आवळते. मंगळवारी जरा बरं वाटतं. वर्षं गेली की मंगळवारीही आवळते, मग बुधवारी, मग कायमची. याला बिसिनोसिस म्हणतात, कापसाच्या धुळीचा आजार. साधा दमा मात्र सोमवार ओळखत नाही. म्हणून शिलिंग यांनी वेल्सच्या मॅकेरो आणि गिल्सन यांना बरोबर घेतलं, आणि कामगाराची छाती पाळीच्या सुरुवातीला मोजली, शेवटी मोजली. १९५८ साली तो निबंध आला. एका माणसाचा एक आकडा काही सांगत नाही. सोमवार सकाळचा आणि सोमवार संध्याकाळचा, असे दोन आकडे शेजारी ठेवले की ते बोलू लागतात.

हाच सोमवार मुंबईच्या गिरण्यांतही होता. ब्लो रूम आणि कार्डिंगच्या खात्यांत हवेत कापूस तरंगायचा, माणसांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षं पाठपुरावा केला आणि बिसिनोसिस व धूम्रपानामुळे होणारा श्वासनलिकांचा जुनाट आजार यांत फरक कसा करायचा, हे मांडलं. तो निबंध १९८१ साली अमेरिकी नियतकालिकात छापून आला. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात बिसिनोसिसचं नाव आहे, आजही आहे. पण ती खातीच राहिली नाहीत. ज्या छात्यांत ती धूळ गेली, त्या गावाकडे परत गेल्या, सातारला, रत्नागिरीला, सिंधुदुर्गात, आणि तिथल्या डॉक्टरानं "विडीमुळे" असं लिहून औषध दिलं.

वेल्समधलं ते केंद्र चाळीस वर्षं चाललं आणि १९८५ मध्ये बंद झालं. त्याच सालच्या आसपास वेल्सच्या खाणीही एकामागून एक बंद पडत होत्या. आजोबा संग्रहालयांत गेले. त्यांचा प्लॅस्टिकचा नातू १९७८ मध्ये जन्मला तो स्वस्त, हलका, आणि घरोघरी जाणारा. त्यानं दमेकऱ्यांवर फार उपकार केले. एक गोष्ट मात्र त्याच्या अंगातून गेली. त्याच्याबरोबर आता वही असते, औषधाची चिठ्ठी असते. कामाचा पत्ता नसतो. मी स्वतः वर्षभर सकाळ-संध्याकाळ आकडे लिहिले, आणि एका मोठ्या दवाखान्यात ते वहीतले आकडे उलटसुलट पाहिले गेले, तरी सुट्टीच्या दिवसांचे आकडे वेगळे दिसतात का, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

तुमच्या घरी हा नातू असेल, तर वहीत आकड्याशेजारी वार लिहा. त्या दिवशी कामावर होता की सुट्टीवर, तेही लिहा. बेकरीत पीठ उडत असेल, दगड फोडत असाल, सुतारकाम करत असाल, रंग फवारत असाल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी फुंकायच्या आधी सांगा. बिचाऱ्या काट्याला ते कळायची दुसरी सोय नाही.